नवा पॉप-अप कॅम्पर कर्जावर घ्यावा का?

नमस्कार,

तुमचा बेत कळला. दोन मुलांसह वर्षाकाठी साधारण 12 रात्री कॅम्पिंग, त्यासाठी नवा पॉप-अप टेंट कॅम्पर (गाडीमागे ओढायचा, उघडला की तंबू होणारा ट्रेलर) पाच वर्षांच्या कर्जावर, आणि 20 टक्के डाउन पेमेंट आणीबाणीच्या निधीतून. माझं स्पष्ट मत: नवा घेऊ नका, आणि त्या निधीला तर हातच लावू नका. तो नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर लागणारा पैसा आहे.

नव्याची किंमत 100 धरू. पाच वर्षांनी निम्म्याने विकला तर 50 गेले. 80 च्या कर्जावर 10 टक्क्यांनी व्याज साधारण 22. विमा, ठेवायची जागा, बेअरिंगचं ग्रीसिंग, टायर यांना वर्षाला 4 धरले तरी 20. एकूण 92, म्हणजे पाच वर्षांच्या 60 रात्रींवर वाटले तर रात्रीला दीडच्या वर. रात्रीचं भाडं 1 असेल तर भाड्यानेच परवडतं. जुना 40 ला रोखीने घेतला, पाच वर्षांनी 28 ला विकला आणि देखभालीला वर्षाला 6 लागले, तर रात्रीला 0.70 पडतात. मात्र वर्षाला आठच रात्री झाल्या तर हा फायदा उरत नाही. म्हणून ठरवलेल्या नव्हे, गेल्या वर्षी खरोखर काढलेल्या रात्री मोजा. यात तुमच्याकडचे आकडे घालून पाहा.

गाडीचं मॅन्युअलही बघा. ओढण्याची क्षमता सामान, पाणी, गॅस भरलेल्या वजनाशी ताडायची, रिकाम्या वजनाशी नाही. कॅम्परसाठी गाडीच बदलावी लागणार असेल तर विषय सोडून द्या.

जुना बघायला गेलात की तो पूर्ण उघडायला लावा. छप्पर एका कोपऱ्यात खाली राहतंय का? कापडाला कुबट वास? गाद्या उचलून कोपऱ्यातल्या प्लायवर अंगठा दाबा. दबला तर पाणी मुरलंय, किंमत कितीही पाडली तरी परत या. टायरची नक्षी नवी दिसली तरी कडेचा चार आकडी कोड वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

पावसात भिजलेलं कापड घरी येऊन लगेच उघडून वाळवावं लागतं, नाहीतर बुरशी धरते. तेवढी मोकळी जागा तुमच्याकडे आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर भाड्याच्या जागेचा खर्च वरच्या हिशेबात वाढवा.

तूर्त भाड्याने जा, शक्यतो एकदा पावसातही. कर्जाचा हप्ता महिन्याला 1.7 आला असता. तो वेगळ्या खात्यात टाकत राहा. दोन वर्षांत जुन्या कॅम्परचे 40 तिथेच जमतात.