बुरशी लागलेल्या द्राक्षांची वाइन : शातो दिकेम

प्रश्न : तासगाव तालुक्यात माझी चार एकर द्राक्षबाग आहे. शातो दिकेम नावाच्या फ्रेंच मळ्यात द्राक्षे मुद्दाम कुजू देतात आणि त्यांचीच वाइन सर्वांत महाग विकली जाते, असे मुलाने मला वाचून दाखवले. आमच्याकडे फळछाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या द्राक्षरोगाच्या धास्तीने झोप उडते आणि काढणीच्या तोंडावर अवकाळी झाला की तडकलेल्या मण्यांचे घड बांधावर टाकावे लागतात. मग तिकडची कूज सोन्याची आणि आमची मातीमोल, हे कसे? त्या मळ्याचा इतिहास आणि जमिनीचे वैशिष्ट्य सांगावे.
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : आपल्या मुलाने वाचून दाखवलेले बहुतांशी खरे आहे. ‘सर्वांत महाग’ हे विशेषण मात्र पांढऱ्या वाइनपुरते लावावे. या मळ्याची १८११ सालची एक बाटली २०११ मध्ये लंडनमध्ये ७५,००० पौंडांना विकली गेली आणि पांढऱ्या वाइनच्या एका बाटलीला तोवर एवढी किंमत आलेली नव्हती.

आता कुजीबद्दल. ही बुरशी डाऊनी नव्हे आणि भुरीही नव्हे. तिचे नाव बोट्रायटिस सिनेरिया असून ती जगभर आढळते. मुद्दा असा की ही एकच बुरशी हवामानानुसार दोन टोकांची वागते. पाऊस लागून राहिला, किंवा कच्च्या अथवा तडकलेल्या मण्यावर ती बसली, तर साल फुटते, आंबट वास सुटतो आणि घड हातचा जातो. फ्रान्समधील शेतकरीही या करड्या कुजीला आपल्याइतकाच भितो. परंतु मणी पूर्ण पिकलेला व अखंड असेल, पहाटे दमट धुके आणि दुपारी कोरडे ऊन असा क्रम काही दिवस चालला, तर बुरशीचे तंतू सालीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पाडतात, साल मात्र शाबूत राहते. त्या छिद्रांतून पाणी उडून जाते, मणी तपकिरी होऊन सुरकुततो आणि आतला रस मधासारखा दाट होतो. बुरशी काही साखर व आम्ल स्वतः खाते, पण त्याच वेळी ग्लिसरॉल तयार करते आणि रसाला जर्दाळू, मध व केशराची आठवण करून देणारा गंध आणते. फ्रेंच लोक या अवस्थेला ‘उमदी कूज’ म्हणतात, आणि कुजीला असे विशेषण लावण्याचे धाडस करण्यापूर्वी त्यांनी किती पिके गमावली असतील, याचा अंदाज आपल्यासारख्या बागायतदाराला अधिक चांगला येईल.

असा क्रम दर शरद ऋतूत हमखास यावा, यासाठी भूगोल अनुकूल लागतो. बोर्दो शहराच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर सोतेर्नचा प्रदेश आहे. तेथे सिरों ही लहान नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. सिरों झऱ्यांच्या पाण्यावर, दाट झाडीच्या सावलीतून वाहत येते, त्यामुळे तिचे पाणी थंड असते. गारोनचे पाणी त्या मानाने कोमट. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री या दोन पाण्यांच्या भेटीतून धुके उठते, सकाळभर मळ्यांवर रेंगाळते आणि दुपारच्या उन्हा-वाऱ्यात विरून जाते. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर थंडीच्या पहाटे आपण धुके पाहिलेच असेल. पण आपले धुके आणि आपली द्राक्षे यांची वेळ जुळत नाही. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत डिसेंबरला मणी अजून हिरवेच असतात, अशा मण्यांवर दव बसले तर रोगच वाढतो. आणि गोडी भरते तेव्हा हवा पार कोरडी झालेली असते. सोतेर्नला धुके येते तेच मुळी पिकलेल्या मण्यांवर.

जमिनीचे म्हणाल, तर दिकेमचा मळा आसपासच्या टेकड्यांपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे वारा खेळता राहतो. वरच्या थरात गुळगुळीत गोटे आणि भरड खडी असून ती दिवसा तापते व पाण्याचा निचरा करते, खाली पाणी धरून ठेवणारी चिकणमाती आहे. या चिकणमातीत पाणी साचू नये म्हणून एकोणिसाव्या शतकापासून सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली घातलेल्या आहेत. फ्रेंच भाषेत माती, उतार, हवा, पाणी आणि माणसाची रीत या सर्वांना मिळून ‘तेर्वार’ म्हणतात. निसर्गाने दिलेल्या जमिनीलाही माणसाने एवढी खोदाई करून आधार दिला, हे तेर्वारची स्तुती करणारे पुष्कळदा विसरतात.

क्षेत्र ११३ हेक्टर, म्हणजे सुमारे २८० एकर. त्यांपैकी जवळपास १०० हेक्टरमधील वेलींचे उत्पन्न धरले जाते, कारण जुन्या वेली काढून जमिनीला विसावा देण्याचा प्रघात आहे. सेमियों या पातळ सालीच्या जातीचे प्रमाण तीनचतुर्थांशाहून अधिक आणि उरलेली सोविन्यों ब्लां. सेमियोंची साल पातळ असल्यानेच बुरशी तिच्यावर लवकर बसते.

खरी कसोटी काढणीची. बुरशी सर्व घडांवर, किंबहुना एका घडातील सर्व मण्यांवरही एकाच वेळी चढत नाही. म्हणून दीडशेहून अधिक मजूर त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर फेरीला फक्त योग्य रीतीने सुरकुतलेले मणी घेतात. अशा पाच-सहा फेऱ्या सामान्य मानल्या जातात आणि काढणी सहा-सहा आठवडे, कधी नोव्हेंबरअखेरपर्यंत लांबते. रसाची गोडी मोजणाऱ्या आपल्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा तिशी ओलांडून जातो. उत्पादन हेक्टरी सरासरी ९०० लिटर, म्हणजे एकरी ३६० लिटरच्या आसपास. बोर्दोतील इतर मळे याच्या चार-पाच पट काढतात. एका वेलीमागे एक ग्लास वाइन, असे या मळ्याबद्दल म्हटले जाते. हा रस नव्या ओकच्या पिंपांत आंबवतात आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ मुरवतात. तयार वाइनमध्ये अल्कोहोल १३-१४ टक्के आणि लिटरमागे १२० ते १५० ग्रॅम साखर उरते. अशी बाटली शंभर वर्षेही टिकते.

इतिहास थोडक्यात सांगतो. मध्ययुगात अ‍ॅक्विटेन प्रांताबरोबर ही जमीन इंग्लंडच्या राजाकडे होती, १४५३ मध्ये ती फ्रान्सच्या राजाकडे आली. १५९३ मध्ये झाक सोवाज या स्थानिक प्रतिष्ठिताने ती कसण्याचा हक्क मिळवला आणि १७११ मध्ये त्याचे वंशज पूर्ण मालक झाले. १७८५ मध्ये या घराण्यातील फ्राँस्वाझ झोझेफिनचा विवाह काउंट ल्यूर-साल्यूस यांच्याशी झाला. तीन वर्षांत पती निवर्तले, पाठोपाठ राज्यक्रांती झाली. पण या बाईंनी मळा हातचा जाऊ दिला नाही. १८२६ मध्ये वाइन मुरवण्याची स्वतंत्र इमारत बांधली आणि १८५१ पर्यंत कारभार पाहिला. मला विचाराल, तर दिकेमचे नाव आज ज्या उंचीवर आहे त्याचे सर्वाधिक श्रेय त्यांचे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी १७८७ मध्ये १७८४ सालच्या वाइनच्या २५० बाटल्या येथून मागवल्या होत्या. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा सोतेर्नच्या मळ्यांत सर्वांच्या वरची स्वतंत्र श्रेणी एकट्या दिकेमला मिळाली, आणि १८५९ मध्ये रशियाच्या झारच्या भावाने १८४७ सालच्या ९०० लिटर वाइनला २०,००० सुवर्ण फ्रँक मोजले. बुरशीचा गुण १८४७ मध्ये योगायोगाने कळला, अशी एक कथा सांगतात, पण तीत तथ्य दिसत नाही. उशिरा काढणीचे उल्लेख सतराव्या शतकातील कागदपत्रांतच आढळतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस घराण्यात भाऊबंदकी झाली, अनेक नातलगांनी आपले हिस्से विकले आणि १९९९ मध्ये एलव्हीएमएच या उद्योगसमूहाचा ताबा पक्का झाला. चार शतकांचा वारसाही वाटण्यांपुढे टिकत नाही, हे आपल्याकडील वाचकांना फोड करून सांगायला नको.

आपल्या ‘मातीमोल’ या शब्दापाशी परत येतो. तिकडची कूजही दर वर्षी सोन्याची नसते. १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षी पावसाने घात केला किंवा दर्जा साधला नाही, म्हणून दिकेमच्या नावाने एकही बाटली बाजारात आली नाही. एवढा तोटा सोसण्याची ऐपत बाकीच्या वर्षांतील भावातून येते. ज्याची पेटी त्या दिवशीच्या दराने जाते त्याला ती नसते. तेव्हा बागेत करडी कूज दिसल्यास फवारणीच करावी.

प्रश्न : मग आपल्या बेदाण्यापासून अशी गोड वाइन का करत नाहीत? दोन्हीकडे मणी सुकलेलाच असतो.
– एक वाचक, मिरज

उत्तर : सुकणे सारखे असले तरी सुकवणारा वेगळा आहे. कवठे महांकाळच्या शेडमध्ये जाळीवर पसरलेल्या मण्यातून वारा केवळ पाणी नेतो, बुरशीने घडवलेले बदल त्यात होत नाहीत. शिवाय बेदाण्यासाठी मणी डिपिंग ऑइल व पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात आणि पुष्कळदा रंगासाठी गंधकाची धुरी देतात. गंधक हे वाइन आंबवणाऱ्या यीस्टचे शत्रू. बेदाण्याच्या थॉमसन जातीत वाइनला लागणारा गंधही कमीच. बेदाण्याचा खरा चुलतभाऊ फ्रान्सच्या पूर्वेकडील झ्युरा भागात सापडेल. तेथे निवडक घड गवताच्या पेंढ्यावर अथवा टांगून किमान सहा आठवडे सुकवतात आणि मग त्यांचा रस काढून ‘वॅं द पाय’, म्हणजे पेंढ्याची वाइन, करतात. हा प्रयोग आपल्याकडे करायचा झाल्यास वाइनच्या जातीची द्राक्षे घेऊन, द्रावण व धुरी न देता ती शेडमध्ये अर्धवटच सुकवावी लागतील. पूर्ण वाळलेल्या बेदाण्यातून पिळण्याजोगा रस निघत नाही.