टेंपल कप देवळाचा नव्हे

प्रश्न : नातवाच्या प्रश्नमंजुषेत ‘टेंपल कप’ आला. बेसबॉलचा आहे म्हणे. माझा जन्म काळारामाच्या पूर्व दरवाजापाशी गेला, तेव्हा मी बेधडक सांगून टाकलं, कुठल्या तरी देवस्थानाने ठेवलेला कप असेल. खरं काय?
– एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, पंचवटीतल्या माणसाला दुसरं काय सुचणार! पण हे टेंपल म्हणजे आडनाव. विल्यम चेस टेंपल हे अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे व्यापारी, तिथल्या बेसबॉल संघात त्यांची भागीदारी. १८९३ साली तो संघ नॅशनल लीगमध्ये दुसरा आला. पूर्वी दोन लीगचे विजेते हंगाम संपल्यावर एकमेकांशी भिडायचे. पण १८९१च्या हंगामानंतर दुसरी लीगच बुडाली. मग टेंपलनी ८०० डॉलरचा चांदीचा कप ठेवला : एकाच लीगमधला पहिला विरुद्ध दुसरा, सातपैकी चार सामने जिंकेल त्याचा कप.

मेख इथंच होती. हंगामभर राबून जो पहिला आला, त्याला यात मिळवायचं काय? जिंकला तर होता तिथंच, हरला तर नाचक्की. १८९४ला बाल्टिमोर ओरिओल्स पहिले आले आणि न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांना ४-० धुतलं. पुढच्या वर्षी पुन्हा बाल्टिमोर पहिले, पुन्हा हरले. या वेळी दुसऱ्या आलेल्या क्लीव्हलँडकडून; त्यांच्या चार विजयांपैकी तीन एकट्या साय यंगच्या पिचिंगवर, म्हणजे चेंडूफेकीवर. १८९६ला बाल्टिमोरनं क्लीव्हलँडवर उट्टं काढलं. १८९७ला तर स्वतः दुसरे असून पहिल्या आलेल्या बोस्टनला हरवलं. म्हणजे चारपैकी तीनदा कप दुसऱ्या नंबरवाल्याच्या घरी!

नियमाप्रमाणे खेळाडूंना मिळणाऱ्या पैशातले ६५ टक्के जिंकणाऱ्यांचे, ३५ हरणाऱ्यांचे. खेळाडूंनी पहिल्याच वर्षी आपसांत निम्मं-निम्मं ठरवून टाकलं. यावरून मला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरची एक टेनिस बॉलची फायनल आठवते. स्कोअरर मी. दोन्ही संघांनी बक्षीस चहाच्या टपरीवर आधीच वाटून घेतलेलं. सहाव्या षटकानंतर कोणी चेंडूमागे पळेना, माझ्या वहीत नुसते ठिपके. लोक शेंगा संपवून उठून गेले. तिकडेही प्रेक्षक आटत गेले आणि १८९७नंतर मालिका गुंडाळली.

कप मात्र शाबूत आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात. नातवानं ‘देवस्थान’ लिहून दिलं असेल, तर तो गुण तुमच्या खात्यावर गेला, आजोबा.