कंपनीचे साहेब शाळेचे प्रमुख झाले तर?

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझा मुलगा नागपुरातल्या एका मनपा शाळेत चौथीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. मागच्या मीटिंगमधे प्रस्ताव आला की शाळेला मदत करणारी एक कंपनी आपले रिटायर्ड जनरल मॅनेजर शाळेला देणार, पगार कंपनीच देणार, ते संचालक होणार आणि मुख्याध्यापिका बाई त्यांच्या हाताखाली. बऱ्याच पालकांना आवडलं, म्हणे शिस्त येईल, नळाला पाणी येईल, शिक्षक वेळेवर येतील. मला खटकलं, पण तिथे नीट बोलता नाही आलं. त्या साहेबांनी आयुष्यात एकही वर्ग शिकवलेला नाही. मी उगाच घाबरते का?
– एक आई, नंदनवन

उत्तर: ताई, अजिबात उगाच नाही. मी २८ वर्षं मनपाच्या शाळांत शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका होते, त्यामुळे नळाला पाणी नसलं की काय होतं ते मला माहिती आहे आणि पालकांना असा माणूस काहून हवासा वाटतो तेही समजतं. पण हा प्रयोग फार मोठ्या शहरात करून झालाय, तो आधी सांगते.

नोव्हेंबर २०१० मधे न्यूयॉर्कचे महापौर मायकल ब्लूमबर्ग, जे स्वतः उद्योजक, त्यांनी शहरातल्या सरकारी शाळांच्या प्रमुखपदी कॅथी ब्लॅक यांना नेमलं. या हर्स्ट मॅगझिन्स या मासिकांच्या कंपनीच्या अध्यक्ष होत्या, धंद्यात अगदी नावाजलेल्या, पण शाळेचा अनुभव शून्य. आणि मुलं किती, तर जवळपास ११ लाख. तिथल्या राज्याच्या कायद्यात या पदाला शिक्षणक्षेत्रातली पात्रता लागते, ती नव्हती म्हणून राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडून खास सूट घ्यावी लागली, आणि ती सूट कधी मिळाली, तर शिकवण्याच्या बाजूसाठी शाळेतून वर आलेला एक माणूस डेप्युटी म्हणून नेमायचं ठरलं तेव्हा. जानेवारी २०११ मधे बाईंनी काम सुरू केलं. वर्गांत मुलं मावत नाहीत म्हणून चिंतेत असलेल्या पालकांच्या मीटिंगमधे त्या गमतीत संततिनियमनाबद्दल बोलल्या, लोक भयंकर चिडले. ७ एप्रिलला, ९५ दिवसांत, पद गेलं.

बाई हुशार नव्हत्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या कामासाठी सोबत डेप्युटी द्यावा लागतो तेच जर शाळेचं मुख्य काम असेल तर त्या डेप्युटीलाच खुर्चीवर का नाही बसवायचं? तुमच्या मीटिंगमधे हा एकच प्रश्न विचारा.

कोणी म्हणेल, त्यांच्या आधीचे जोएल क्लाइन पण वकील आणि कंपनीवालेच होते आणि २००२ पासून आठ वर्षं टिकले. खरंय. त्यांच्या काळात परीक्षेचे आकडे वर जात होते, सगळे खूश. मग २०१० मधे राज्याने पासिंगची पातळी कडक केली आणि तिसरी ते आठवीच्या गणितात शहरातली पास मुलं ८२ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आली. मुलं एका वर्षात मठ्ठ झाली नव्हती ना, आधीचा आकडा जेवढं दाखवत होता तेवढं त्यांना येतच नव्हतं.

आता आपल्या वर्गात या. तिसरीतला पोरगा ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहितो. रिपोर्ट बघणाऱ्या साहेबाला दिसतं फक्त 'चूक'. बाईंना दिसतं की याने सातातून दोन वजा केले कारण दोनातून सात जात नाहीत, म्हणजे वजाबाकी येते याला, दशक सोडवून एकक करायचे ते कळलेलं नाही, मग त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यायचे आणि एक गठ्ठा सोडायला लावायचा. दुसरी एक मुलगी धडा धडाधड वाचते, सगळे शाबासकी देतात, तुम्ही मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवा, गप्प! धडा पाठ होता. हे ओळखायला वर्षं जातात, आणि शाळेच्या प्रमुखाचं काम म्हणजे नवीन शिक्षकाला हे ओळखायला शिकवणं. ज्याला स्वतःलाच ते दिसत नाही तो हजेरी आणि टक्के मोजणार, दुसरं करणार काय.

हजेरीचंही तसंच आहे बाप्पा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा नागपुरातल्या महाल-इतवारीतल्या शाळांत पोरं किती असतात ते तिथल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. कागदावर तो खराब दिवस. माझ्या एका शाळेत एक बाई दुसऱ्या दिवशी पोरांकडून मिरवणुकीचंच वर्णन लिहून घ्यायच्या, आणि वर्षभर दोन ओळी न लिहिणारी पोरं त्या दिवशी पान भरून लिहायची.

पाणी, बाथरूम, शिक्षकांची वेळ या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या सुटल्याच पाहिजेत. पण मुख्याध्यापिका बाईंचा दिवस कशात जातो ते एकदा जाऊन बघा. पोषण आहाराची नोंद, पोर्टलवर माहिती, आधार, बिलं, वरून फोन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर मुलं असली तर पाच शिक्षक आणि वेगळा मुख्याध्यापक सांगितलाय, क्लार्कचा मात्र उल्लेखच नाही. कंपनीला मनापासून मदत करायची असेल तर एक क्लार्क आणि एक प्लंबर द्या म्हणावं, बाईंचे रोजचे दोन तास मोकळे होतील आणि त्या वर्गात जातील.

आणि ताई, समिती म्हणजे नुसती सही करणारी मंडळी नाही. याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका, आणि शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च होतं ते बघणं हे तुमचंच काम आहे. शिस्त आणायला वरून संचालक कशाला, तुम्ही पालक आहात ना. तुमचा आक्षेप इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, तोंडी ठेवू नका.

प्रश्न: मी एका कारखान्यात ३० वर्षं मॅनेजर होतो, आता रिटायर झालो. शाळेसाठी मनापासून काहीतरी करायचं आहे. आमच्यासारख्यांनी यायचंच नाही का?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: या ना काका, नक्की या. खरेदी, हिशेब, दुरुस्तीचं वेळापत्रक, ठेकेदाराकडून काम करून घेणं, यात तुम्ही आमच्यापेक्षा कितीतरी पुढे आहात आणि शाळांना याची फार गरज आहे. फक्त एक करा, कुठलीही सूचना करण्याआधी महिनाभर रोज एक तास दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसा, मोबाईल बंद ठेवून. मग बाईंना विचारा, मी काय करू?