पाम स्प्रिंग्जमधली मॉडर्निस्ट (विसाव्या शतकाच्या मध्यातली, साध्या रेषांची आणि भरपूर काचेची) घरं गाइडशिवाय, स्वतः गाडी चालवत पाहता येतील का?

हो, सहज, अर्ध्या दिवसात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं हे शहर छोटं आहे आणि बहुतेक नावाजलेल्या इमारती रस्त्यावरूनच दिसतात. सुरुवात उत्तरेकडच्या व्हिजिटर सेंटरपासून करा. ती इमारत म्हणजे आल्बर्ट फ्राय आणि रॉबसन चेंबर्स यांनी आरेखित केलेला 1965 चा पेट्रोल पंप, आणि तिचं टोकदार, झेपावणारं छप्पर मला तरी सगळ्या घरांपेक्षा आवडतं. मग:

- वास्तुविशारद रिचर्ड न्यूट्राने आरेखित केलेलं कॉफमन हाउस (1946, कुंपणामुळे थोडंच दिसतं)
- गायक फ्रँक सिनात्राचं घर, ट्विन पाम्स (1947)
- विमानतळाजवळचा फ्रायचाच सिटी हॉल

मात्र घरं खासगी आहेत. गाडीतून किंवा फुटपाथवरूनच पाहा, ड्राइव्हवेत शिरू नका. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा सकाळीच निघा.