स्क्रू पूर्ण सैल केला तरी पद्मिनीचा स्लो उतरत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: १९८८ची प्रीमियर पद्मिनी, गरम झाल्यावरही नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलला इंजिन मिनिटाला पंधराशे-दोन हजार फेऱ्यांवर ओरडत राहतं, मिस्त्रीने स्लोचा (पाय काढल्यावरच्या वेगाचा) स्क्रू पार मोकळा करून पाहिला तरी फरक नाही, आणि आता तो म्हणून राहिला की कार्बोरेटरच बदला.

एवढ्यात बदलू नका. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरल्या, त्यामुळे चांगले जुने पार्ट दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. तुमच्याकडचा मूळ कार्बोरेटर जपण्यासारखा आहे. शिवाय स्क्रूने फरक पडत नाही, हे कळलं तिथेच अर्धं निदान झालं.

पेट्रोल इंजिनाला जेवढी हवा मिळते तेवढं ते फिरतं. पॅडलवरून पाय काढला की बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली हवेची झडप) जवळजवळ मिटतो आणि स्लोचा स्क्रू त्याला केसभर उघडा धरतो. तेवढ्या फटीतल्या हवेवर हे १०८९ सीसीचं इंजिन साधारण ७०० ते ८५०वर शांत चालायला हवं. स्क्रू टेकत नाही आणि तरी इंजिन दोन हजारावर आहे, म्हणजे बटरफ्लाय पूर्ण मिटत नाही, किंवा हवा भलतीकडून शिरते, नाहीतर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) फार पुढे आहे.

आधी फुकटातली तपासणी. गाडी नीट गरम करा, एअर क्लीनर काढा आणि चालू इंजिनावर थ्रॉटलचा लिव्हर (बटरफ्लाय फिरवणारा दांडा) बोटाने मिटण्याच्या दिशेने दाबा. बाही, ओढणी फॅनपासून लांब ठेवा. दाबल्याबरोबर रेस उतरली तर दोष बाहेरचा आहे: थकलेली रिटर्न स्प्रिंग, ताणलेलं किंवा अडकणारं लिंकेज. रेस उतरो न उतरो, चोकही (थंड इंजिन चालू करायची कळ) बघा. चोकची कळ आत गेलेली दिसते, पण तार गंजल्यामुळे कार्बोरेटरकडचं टोक परत येत नाही, हे फार वेळा होतं. अशा वेळी एक्झॉस्टला काळपट धूर आणि पेट्रोलचा वासही येतो. तार सोडवून लिव्हर हाताने मागे ढकलून बघा.

दाबूनही रेस तशीच राहिली तर हवेची गळती शोधा. कार्बोरेटरचं तोंड तळहाताने झाका, चेहरा बाजूला ठेवून, कारण बॅकफायर होऊ शकतो. इंजिन लगेच गुदमरून बंद पडलं तर मोठी गळती नाही. तोंड झाकूनही ते आरामात चालत राहिलं तर दुसरीकडून भरपूर हवा येते आहे. नेमकी जागा शोधायला झाडांना मारायची स्प्रेची बाटली साध्या पाण्याने भरा आणि कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून इंजिनात जाणारं नळकांडं) जिथे हेडला लागतो तिथे, बटरफ्लायच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या व्हॅक्युमच्या नळीवर थोडं थोडं मारा. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटून देणारा भाग) आणि वायरींवर मारू नका. गळतीच्या जागी पाणी ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. काही मिस्त्री हीच चाचणी पेट्रोल शिंपडून करतात. तसं कोणालाही करू देऊ नका. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशात तापलेल्या एक्झॉस्टवर ते पेट्रोल पडलं तर गाडी पेटू शकते. रबराच्या नळ्याही आपल्याकडच्या उन्हाने लवकर कडक होतात, टोकाशी चिरतात. वाकवून बघा, चीर दिसली की बदला. काम स्वस्तातलं आहे.

माझा अंदाज मात्र कार्बोरेटरच्या बुडाचा आहे. आमच्या घरच्या पद्मिनीत तेच निघालं होतं. गळती थांबावी म्हणून दरवेळी नट आणखी आवळले जातात, आणि त्याने फ्लँजचे (कार्बोरेटरच्या बुडाच्या सपाट पाट्याचे) दोन्ही कान खाली वाकतात. मग पॅकिंग कितीही नवं घाला, मधे फट राहतेच. कार्बोरेटर काढा आणि मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर एखादा वॉशर आत जायचा. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडासमोर बघा. पट्टीखालून उजेड दिसला तर जाड सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, फ्लँज मार्करने काळी करा आणि हलक्या हाताने आठाच्या आकारात घासा. आधी दोन्ही कान चमकायला लागतात आणि मधला भाग काळाच राहतो. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत घासा, घाई नको. खालचा जाड इन्सुलेटरही तडकलेला नाही ना ते बघा. मग पॅकिंग नवं घाला. सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये ते टिकत नाही. नट आळीपाळीने, बेताने आवळा.

शाफ्ट बोटाने हलवल्यावर डुगडुगत असेल तर बुशिंग झिजलंय. ते चांगल्या लेथवाल्याकडून नवं बसवून घेता येतं, त्यासाठी अख्खा कार्बोरेटर फेकायची गरज नाही.

आता टायमिंग. बटरफ्लाय जरा जास्त उघडा राहिला की व्हॅक्युम ॲडव्हान्सचं (टायमिंग पुढे ओढणाऱ्या नळीचं) भोक उघडं पडतं, डिस्ट्रिब्युटर टायमिंग आणखी पुढे नेतो आणि रेस आणखी चढते. म्हणून तपासताना ती नळी काढून तिचं कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा. नंतर टायमिंग लाइटने बघा. रेस देऊन सोडल्यावर इंजिन सावकाश खाली येत असेल तर डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंग ढिल्या झाल्यात किंवा वजनं अडकतात. तिथे साफसफाई आणि थेंबभर तेल पुरतं, स्प्रिंग तुटली असेल तर मात्र बदलावी लागेल. चावी काढल्यावरही इंजिन धडधडत राहत असेल तर तो बहुधा याच वाढलेल्या स्लोचा परिणाम आहे. वेगळं दुखणं समजून खर्च करू नका.

हे सगळं झाल्यावरच मिस्त्रीला स्क्रूला हात लावू द्या. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी, मग गरम इंजिनावर मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) स्क्रू रेस सगळ्यात जास्त आणि सुरळीत होईल तिथे, मग स्लोचा स्क्रू उतरवून ८००च्या आसपास. मिक्श्चरचा स्क्रू फिरवूनही आवाजात काहीच फरक पडला नाही तर हवा अजून कुठूनतरी शिरते आहे, पाण्याची बाटली पुन्हा घ्या.