रायडिंग मोअरचा (बसून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्राचा) ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा, बदलला. इंजिन चालू होतं, पण मोअर जागचा हलत नाही. काय चुकलं असेल?

बहुतेक बेल्ट एखाद्या कीपरच्या (बेल्ट पुलीवरून निसटू न देणाऱ्या अडसराच्या) चुकीच्या बाजूने गेलाय, पण हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं) मॉडेल असेल तर आधी मागच्या बाजूचा फ्रीव्हील लिव्हर, म्हणजे मोअर ढकलता यावा म्हणून चाकं मोकळी करणारा दांडा, बघा. मोअर ढकलत गॅरेजमध्ये नेताना तो ओढला जातो आणि तसाच राहतो; मग नवा बेल्ट कितीही नीट बसवा, चाकं फिरणार नाहीत. माझ्याच मोअरवर यात अख्खा शनिवार गेला होता.

लिव्हर ठीक असेल तर किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर सोडा आणि खाली वाकून बेल्टवरून बोट फिरवत जा. कीपर म्हणजे पुलीजवळची ती छोटी सळई किंवा पत्र्याचा कान. बेल्ट पुली आणि कीपर यांच्या मधूनच जायला हवा. बेल्टची निमुळती बाजू खाचेच्या पुलीत बसते, सपाट पाठ सपाट आयडलरवर (बेल्टला ताण देणाऱ्या पुलीवर) टेकते. मध्येच पीळ पडला असेल तर तोही इथेच सापडतो.

मग आयडलरचा हात हाताने ओढून सोडा. स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. गंजून अडकला असेल तर बेल्टला ताण मिळत नाही आणि तो नुसता घसरतो, जळक्या रबराचा वास येतो. बेल्टची लांबीही पार्ट नंबरशी ताडून घ्या. बेल्ट अर्धा-एक इंच जास्त लांब असला तरी घसरायला तेवढं पुरतं.

मात्र ट्रान्समिशनची (मागच्या गिअरबॉक्सची) पुली जोमात फिरतेय आणि तरी चाकं हलत नाहीत, असं असेल तर बेल्टचा दोष नाही. मागच्या चाकाची चावी (चाक आसाला जखडणारा धातूचा छोटा तुकडा) तुटलीय का बघा, नाहीतर मेकॅनिक गाठा.