वसंत ऋतूत रानफुले आणि वन्यजीव पाहण्यासाठी मुंबईत एक दिवस कुठे घालवावा?

मार्चमध्ये मुंबईत एकच मोकळा दिवस आहे आणि त्यात रानफुले व वन्यजीव दोन्ही पाहायचे आहेत, असे आपण लिहिले आहे. माझे उत्तर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हेच आहे, मात्र जाण्यापूर्वी एक अपेक्षा घरी ठेवून जावे. रानफुले म्हटल्यावर गवतात पसरलेले ताटवे आपल्या डोळ्यांसमोर येत असतील, तर ते आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात दिसतात. मार्चमध्ये इथली जमीन पाचोळ्याने भरलेली असते आणि बहुतेक सारा बहर झाडांवर असतो. पंचांगातला वसंत चैत्रात येत असला, तरी रानात काटेसावर त्याआधीच, माघात, निष्पर्ण फांद्यांवर फुलू लागते. फाल्गुनात पळस आणि पांगारा फुललेले असतात आणि कुसुंबाला तांबडी कोवळी पालवी फुटते, जी लांबून पाहणाऱ्याला हमखास फुलेच वाटते.

उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. सुरुवातीची काही वर्षे मी दिवसभर पायपीट करत असे आणि संध्याकाळी दमून घरी आल्यावर वहीत चार-पाच नावांपलीकडे काही नसे. आता मी उजाडता उजाडता आत जातो, फुललेले एक झाड निवडतो आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर दोन तास बसून राहतो. पाने नसल्यामुळे फांदीवर आलेला पक्षी लपत नाही, आणि मधासाठी तर सगळेच येतात: बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, हरेवा, क्वचित लांब शेपटीचा भृंगराज, जो शिकरा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची इतकी हुबेहूब नक्कल करतो की मी अनेकदा फसलो आहे. पळसमैना म्हणजेच भोरड्या थव्याने उतरल्या, तर त्या कलकलाटात दुसरे काही ऐकू येत नाही. उत्तरेकडे परतण्यापूर्वीचे त्यांचे हे दिवस असतात.

गेल्या मार्चमध्ये एका पळसाची फांदी वाकून माझ्या डोळ्यांच्या पातळीवर आली होती. काळपट, मखमली देठातून निघालेले केशरी फूल पोपटाच्या चोचीसारखे वळलेले असते आणि त्याला वास जवळजवळ नसतो, कारण त्याचे गिऱ्हाईक नाकाने नव्हे, डोळ्यांनी येणारे आहे. शिंजीर या मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याची जोडी तिथे आली. नराने फुलाच्या तोंडातून चोच घातली, तेव्हा त्याच्या कपाळावर परागांचा पिवळा ठिपका उमटला. मादीने मात्र फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध परस्पर उचलला आणि परागवहनाचे मोल काही चुकवले नाही. हा प्रकार मी तोवर केवळ वाचला होता.

सावरीखाली बसलात तर कानही उघडे ठेवावेत. तिचे मांसल फूल अख्खेच गळते आणि पाचोळ्यावर धप्प असा आवाज होतो. वर वानरे फुले खात असतील, तर अर्धी खाऊन अर्धी टाकतात, आणि ती वेचायला खाली चितळ येतात. वारा त्यांच्याकडून आपल्याकडे वाहत असेल, तर ते आश्चर्य वाटावे इतके जवळ येतात. बिबट्या या जंगलात आहे, पण दिवसा तो दिसेल अशी आशा धरू नये.

साडेदहानंतर ऊन चढले की पक्षी गप्प होतात. तो वेळ कान्हेरीच्या लेण्यांत काढावा, प्रवेशद्वारापासून त्या सुमारे सहा किलोमीटरवर आहेत. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या गारव्यात पाकोळ्या ये-जा करत असतात, आणि वाटेवर कुठे करवंदीच्या जाळीला बारीक पांढरी फुले आली असतील, तर ती दिसण्याआधी वासाने कळतात. परतताना धायटीच्या लाल फुलांनी लगडलेल्या झुडपापाशी जरूर थांबावे, तिथेही शिंजीर असतातच. पाणी आणि दुर्बीण सोबत असावी, कपडे मातकट रंगाचे असावेत, आणि माकडांना खाऊ देऊ नये, कारण त्यानेच ती पिशव्या हिसकावायला शिकली आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. रविवारी गर्दी इतकी असते की एखादी सुट्टी टाकून मधल्या वारी गेलेले बरे.